रविवारी चालणारं यंत्र

१

श्रीपती गुरुजींच्या घरातलं यंत्र गुरुवारी दुपारी दगा देऊन बसलं, आणि शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं गुरुजी नळदुर्गला गोरोबाच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. हातात पिशवी, पायांवर धूळ, आणि चेहरा असा की घरातलं माणूस गेलंय आणि तिरडीचं सामान कुठं मिळतं ते विचारायला आलेत.

गोरोबाचं दुकान हमरस्त्याला लागून होतं. ट्रकांत टेप बसवून द्यायचे आणि जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. वय पंचावन्न. पस्तिशीपर्यंत त्याला अक्षर ठाऊक नव्हतं. याच गुरुजींनी रात्रीच्या वर्गात त्याचा राकट हात धरून ग म भ न गिरवून घेतलं होतं. त्यामुळं गुरुजी दारात दिसले की तो अजूनही हातातलं काम टाकून उभा राही.

"जय भीम, गुरुजी. बसा. च्या सांगतो."

"चहा नको. गोरोबा, तुला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो का?"

"म्या कवा बगितलासुदिक न्हाय."

"मीही मिलिंदनं आणायच्या आधी बघितला नव्हता. त्यातही वायरीच असतात."

मिलिंद म्हणजे गुरुजींचा मुलगा, पुण्याच्या कारखान्यात कामाला. त्यानं दोन वर्षांपूर्वी ते यंत्र बापाला आणून दिलं होतं. कशासाठी, ते गोरोबाला ठाऊक होतं. गुरुजी खारीवाडीचे. रिटायर झाल्यापासून दर रविवारी ते दोरीला शिसं बांधून पंचक्रोशीतल्या एकेचाळीस विहिरींचं पाणी मोजत. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं. सत्याऐंशीचा उन्हाळा. लोक त्यांना 'दोरीवालं मास्तर' म्हणून हसत. मास्तर आकडा वहीत लिहीत आणि रविवारीच परत आल्यावर यंत्रात भरून कॅसेटवर उतरवून ठेवत. यंत्र येण्याआधीचे आकडेही त्यांनी वहीतून त्यात भरले होते.

"वही फाल्गुनात कचेरीत दिली," गुरुजी म्हणाले. "वस्तीवर बोअर पाडा, हा घ्या पुरावा, म्हणून. परवा बुधवारी सांगतात, अशी वही इथं नाहीच."

"चोरली कुनी?"

"कचेरीत वही हरवायला चोर लागत नाही, गोरोबा. पण उद्या शनिवारी दुपारी बाराला पाण्याचे साहेब येतायत. बोअरची गाडी तालुक्यात एकच, आणि मागणारी गावं बावीस. साहेब म्हणाले, आकडे दाखवा, मी गाडी देतो. आकडे आता फक्त त्या कॅसेटीत आहेत."

"आन् यंत्र कवापास्नं बंद हाय?"

"कालपासून. रविवारपर्यंत एकदाही अडलं नव्हतं."

"मदी कुनी हात लावला?"

गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "बुधवारी महारुद्र घरी आला होता. यंत्र बघायला."

२

महारुद्र हा खारीवाडीच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. संस्थेचे चेअरमन शिवलिंगप्पा, गावाचे आप्पा. गावातली बरीचशी काळी जमीन त्यांची, आणि महारुद्र त्यांच्या शब्दाबाहेर नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गोरोबानं हत्यारांची पेटी घेतली आणि दोघं एस.टी.नं खारीवाडीला आले. गावाच्या खालच्या अंगाला भीमनगर, चाळीस घरांची वस्ती. वस्तीची विहीर वाटेतच होती. गोरोबानं आत डोकावून पाहिलं. तळाला भेगा पडलेला चिखल आणि एक फुटकं घमेलं.

गुरुजींची सून चांगुणा उंबऱ्यात बसली होती. मिलिंदची बायको. पुण्यात खोली मिळेना म्हणून ती इथंच. शेजारी दोन घागरी पालथ्या. तिनं गोरोबाकडं पाहिलं आणि म्हणाली, "या अण्णा. तुमालाबी आनलं का त्या डबड्याच्या मयतीला?"

"पानी तर पाज आधी."

"अर्धा तांब्या हाय. तुमी अर्धा प्या, अर्धा मामंजींना ठिवा. गजराबाईच्या धाब्यावनं आनलाय. तीन मैल जायाचं, तीन मैल यायाचं. ट्रकवाल्यांच्या आंगुळी झाल्यावर बाई आमाला नळी देती."

यंत्र खिडकीखाली मेजावर होतं. टाइपरायटरच्या कळफलकाएवढा काळा खोका, त्याला एक वायर काळ्या-पांढऱ्या टीव्हीला, एक वायर कॅसेटच्या टेपला, आणि एक वायर विटेएवढ्या ठोकळ्यातून भिंतीतल्या प्लगला. वर चांगुणानंच शिवलेलं कापडाचं झाकण.

गावात वीज सकाळी अकराला येई, पाचला जाई आणि मग रात्री काही तास येई. अकरा वाजले. खोलीतला बल्ब लागला. गुरुजींनी बटण दाबलं. पडद्याच्या खाली एक ओळ उमटली, जशी उमटायला हवी तशीच.

"हे बगा, झालं की सुरू!" गोरोबा म्हणाला.

"थांब जरा."

गुरुजींनी टेप लावला. किर्रर्र आवाज सुरू झाला. आकडे कॅसेटीतून यंत्रात यायला सहा मिनिटं लागतात, असं त्यांनी सांगितलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला बल्बनं डोळा मिचकावल्यासारखं केलं, पडदा पांढरा झाला आणि यंत्र पुन्हा पहिल्या ओळीवर येऊन उभं राहिलं. जणू काही घडलंच नव्हतं. पुन्हा लावलं, तर आता पहिली ओळसुद्धा येईना. नुसत्या थरथरणाऱ्या पट्ट्या.

"रात्री लाईट आली की लावून बगितलं?"

"बघितलं. रात्री आणखी वाईट."

गोरोबानं कामाला हात घातला. प्लग उघडला, फ्यूज पाहिला, वायरी एकेक करून हलवल्या. ठोकळ्याला हात लावला, कोमट होता. टेपचं डोकं स्पिरिटनं पुसलं. कॅसेट उलटी-सुलटी ऐकली. किर्र आवाज एकसारखा, कुठं तुटलेला नाही. कॅसेट शाबूत होती. म्हणजे आकडे जिवंत होते, फक्त बाहेर यायला वाट नव्हती. टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसल्यासारखं दिसत होतं, कडेला काळी चौकट पडली होती. टीव्ही जुना झालाय, असं मनाशी म्हणून तो पुढं गेला. इथंच चुकला.

"चांगुणा, खरं सांग. झाडताना-पुसताना ह्याच्यावर पानी-बिनी सांडलं का?"

चांगुणा हसली. पण ते हसू ऐकून गुरुजींनी मान खाली घातली.

"सांडाया पानी हाय का घरात, अण्णा?"

"मग बुधवारी महारुद्रानं काय केलं?"

"बसला. च्या घेतला न्हाय, ते कवाच घेत न्हाईत आमच्यात. दोन बटनं दाबली पोरावानी. मंग मामंजींना म्हनला, साहेबाला काय दाखवायचं ते एकदा आप्पाला इचारून दाखवा."

"एवढंच?"

"जाताना बल्बाकडं बघून म्हनला, लाईट लई लाल हाय वो तुमच्यात. म्या म्हनलं, समद्या गावात लालच हाय. धरनातच पानी न्हाय तर इजेला जोर कुठनं यील?"

गुरुजींनीही मान हलवली. सगळं गाव हेच म्हणत होतं. माणसं वाळली, जनावरं वाळली, तशी तारेतली वीजही वाळली.

गोरोबाचा हात पेचकसावरच थांबला.

३

मोटारी भरण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. धरण आटलं तर वीज जाते. कमी तास मिळते. पण आली की अशी डोळा मिचकावत नाही. त्यानं पेटीतून मीटर काढला आणि प्लगमध्ये सुया घातल्या. एकशे पंचेचाळीस व्होल्ट.

"दोनशेवर पायजे," तो पुटपुटला.

सुया तशाच धरून तो बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चांगुणा म्हणाली, "नाडी बगताय का?" त्यानं काट्यावरची नजर हलवली नाही. साडेबाराला काटा अचानक वर उडाला. दोनशे पाच. बल्ब पांढराफेक झाला, टीव्हीवरची काळी चौकट नाहीशी झाली.

"गुरुजी, टेप लावा! लवकर!"

गुरुजींनी धडपडत टेप लावला. तीन मिनिटं काटा हलला नाही. मग एकदम तो एकशे दहापर्यंत कोसळला, आणि हळूहळू चढून एकशे पंचेचाळीसवर स्थिरावला. यंत्र मेलं.

गोरोबानं सुया काढल्या. "तुमचं यंत्र ठणठणीत हाय. त्याला कुनी हात लावला न्हाय. त्याचं कुनीतरी ताट वढतंय."

"म्हणजे?"

"आधी धापकन् पडतंय, मग सावरतंय. ही चाल मोटारीची. सुरू व्हताना मोटार दाबून वढती, मग फिराया लागली की जरा सैल सोडती. तुमच्याच तारेवर पाच घोड्यांची मोटार चाललीय. मदी जरा बंद केली, पानी दुसऱ्या सरीला वळवलं आसंल, आन् पुन्ना लावली."

गुरुजी त्याच्याकडं पाहतच राहिले. "कसली मोटार? पिठाची गिरणी पोळ्यापासून बंद आहे. विहिरी कोरड्या. सगळ्यांनी मोटारी वर काढून घरात ठेवल्यात. एकेचाळीस विहिरी मी स्वतः..."

"तुमी यंत्र कवा लावता?"

"रविवारी. मोजून आलो की."

"फकस्त रविवारी?"

"वीज महाग. बाकीच्या दिवशी लावून काय करू?"

"आन् रविवारी काय आसतं गावात?"

उत्तर चांगुणानं दिलं. "रविवारी बाजार, अण्णा. समदं गाव बाजाराला जातं. आप्पाचे गडीबी."

यंत्र कालच बिघडलं नव्हतं. ते किती दिवसांपासून सोमवार ते शनिवार बंद होतं, ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

४

महारुद्र संस्थेच्या ओसरीवर दुधाची कॅनं मोजत होता. कॅनं भरलेली होती, हे गोरोबानं आधी पाहिलं.

"राम राम, सेक्रेटरी. दुष्काळात बरं दूध निगतंय."

"देवाची किरपा."

"देवाची का आप्पाच्या म्हशींची?"

महारुद्र हसला, पण डोळे हसले नाहीत. "अण्णा, तुमी नळदुर्गचे. आज आलात, उद्या जाल. कशाला पडताय ह्यात?"

"बुधवारी गुरुजींच्या घरी कामून गेला व्हता?"

"बगाया. यंत्रात काय-काय दिसतं ते." तो जवळ आला, आवाज उतरवला. "एक सांगू का? यंत्र नीट करा, आकडे दाखवा, वस्तीला बोअर मिळंल. मला काय वाईट वाटनार हाय? पण साहेबापुढं मोटारीचं नाव काढू नका. वस्तीच्या भल्याचं सांगतोय."

"धमकी हाय का?"

"काय समजायचं ते समजा," महारुद्र म्हणाला आणि कॅनाचं झाकण लावू लागला.

बाहेर आल्यावर वाटेत गोरोबाला जनावरांचं शेण पडलेलं दिसलं. खारीवाडीत सगळ्या जनावरांचं शेण कडब्याचं, कोरडं, पिवळं. हे हिरवंगार होतं, ओलं, घासाचं. शेणाच्या मागावर चालत तो शिवलिंगप्पांच्या मळ्यात पोचला. बांधाच्या आत दोन सरींत लसूणघास डुलत होता. चहूकडं भाजलेल्या रानात तो हिरवा तुकडा एखाद्या खोट्यासारखा दिसत होता. पलीकडं बाभळीच्या काट्यांची कुपाटी, तिच्या आत कडब्याची गंज. गंजीच्या आतून घुंऽऽ आवाज येत होता.

त्यानं काटे बाजूला सारले. गंज पोकळ होती. आत विहीर, नवी, बेचाळिसावी, गुरुजींच्या वहीत नसलेली. पायऱ्यांवर पाणी चमकत होतं, आणि वरच्या फळीवर मोटार धापा टाकत होती.

मोटारीच्या अंगावर खिळ्यानं कोरलेलं होतं: गो. ३१७.

त्याचंच अक्षर होतं. भरलेल्या प्रत्येक मोटारीवर तो असा आकडा कोरी. अक्षर आलं याचा त्याला अजून इतका आनंद होता. संक्रांतीच्या आठवड्यात महारुद्र ही मोटार घेऊन आला होता. कडबा कापायच्या मशीनला लावायचीय, म्हणाला होता. गावाला तीनपैकी दोनच तारांत वीज येते, तेवढ्यावर चालली पाहिजे, तर कंडेन्सर लावून दे. गोरोबानं तो मन लावून बसवून दिला होता. काम झकास झालं होतं. त्या झकास कामानं चार महिने वस्तीच्या पायाखालचं पाणी ओढलं होतं.

"लई आवाज करती का रं?"

मागं शिवलिंगप्पा उभे होते. सत्तरीचे, उंच, गळ्यात लिंग, हातात काठी.

"आप्पा, खाली वस्ती तहानंनं मरतीय."

"म्हाइत हाय."

"उद्या साहेब येनार."

म्हातारा पुढं आला आणि त्यानं गोरोबाचा हात दोन्ही हातांत धरला. "माझी बावीस जनावरं हायत. नातू हाय. साहेबापुढं माझं नाव काढू नको, गोरोबा. पाया पडतो." आणि तो खरोखर वाकला.

एवढा मोठा माणूस एका मोटार भरणाऱ्यापुढं वाकतोय, म्हणजे आपल्या हातात त्याचं मरण आहे, असं गोरोबाला वाटलं. त्यानं हात सोडवून घेतला आणि वस्तीची वाट धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण शहाणे झाल्यासारखं वाटत होतं.

५

शनिवारी सकाळी त्यानं गजराबाईच्या धाब्यावरच्या टीव्हीचा स्टॅबिलायझर दोन दिवसांच्या बोलीवर काढून आणला. लोखंडी पेटी, विजेचा जोर पडला तर सावरून धरणारी. अकराला वीज आली. चौथ्या मिनिटाला बल्ब लाल झाला, स्टॅबिलायझर खट्ट वाजला, आणि यंत्र चालतच राहिलं. सहा मिनिटं भरली. पडद्यावर एकेचाळीस रेघा उमटल्या.

गुरुजींनी चष्मा पुसला. तीन वर्षांचे रविवार तिथं वरून खाली उतरत होते. सगळ्या रेघा सावकाश, पायरी-पायरीनं. वस्तीची रेघ मात्र संक्रांतीपर्यंत इतरांबरोबर चालली होती, आणि मग कड्यावरून दगड पडावा तशी सरळ तळाला गेली होती.

"एवढे दिवस वाटायचं, माझंच मोजण्यात चुकतंय," गुरुजी म्हणाले.

"चुकत नव्हतं, गुरुजी."

गोरोबानं मोटारीचं सगळं सांगितलं. स्वतःच्या कंडेन्सरसकट. गुरुजींनी त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी रक्त आलं होतं. "साहेबांना खरं कळू दे. खऱ्यापुढं कुणाचं चालतं?"

चांगुणा चुलीशी बसून ऐकत होती. "मामंजी, महारुद्र का नको म्हनला आसंल?"

"चोराचा साथीदार दुसरं काय म्हणणार?"

"वस्तीच्या भल्याचं म्हनला."

"अगं, तेच तर त्यांचं बोलणं असतं."

तिनं चुलीकडं तोंड वळवलं नाही.

बाराला जीप आली. साहेब तरणे होते, नम्र होते. दारात चपला काढल्या, चांगुणानं दिलेलं अर्धा पेला पाणी न पिता परत केलं, "तुम्हांला लागेल" म्हणाले. दारात वस्ती जमली. मागं शिवलिंगप्पा आणि महारुद्रही येऊन उभे राहिले.

साहेबांनी पडद्यापुढं स्टूल ओढलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "वा! गुरुजी, असं काम आमच्या खात्यातसुद्धा नाही." त्यांचं बोट वस्तीच्या रेघेवर थांबलं. "पण ही अशी का पडली? एवढ्या अंतरात तीन विहिरी आहेत, त्या अशा नाही पडल्या."

"ते मी सांगतो, साहेब," गोरोबा म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. यंत्र फक्त रविवारी का चालायचं. बाजाराला कोण जातं. बल्ब का लाल व्हायचा, आणि लोक धरणाला बोल का लावायचे. काटा धापकन पडून कसा सावरला. गिरणी बंद, एकेचाळीस मोटारी घरात, मग तारेवर उरली कोण. हिरवं शेण. कडब्याची पोकळ गंज. मोटारीवरचा तीनशे सतराचा आकडा, तो कुणी कोरला, कधी कोरला. संक्रांत, आणि पडद्यावरची संक्रांत. प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीत अशी बसत गेली की दारातली माणसं पुढं सरकत ऐकत राहिली. शेवटी त्यानं हात उचलून शिवलिंगप्पांकडं दाखवला.

"ही विहीर ह्यांची."

वस्तीतून एकच कल्लोळ उठला. कुणी शिवी दिली, कुणी टाळी वाजवली. गुरुजी उभे होते तिथं ताठ झाले.

शिवलिंगप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात जोडले. "खरं हाय, साहेब. विहीर माझी हाय. लपवली, चुकी झाली."

"पाणी किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"आठ परूस खोल. उन्हाळाभर पुरंल."

"वस्तीपासून लांब किती?"

"अर्धा मैल नसंल."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. ते म्हणाले, "गुरुजी, मग अडचण आहे."

"कसली?"

"मैलभराच्या आत जिवंत पाणी असेल तर बोअरची गाडी देता येत नाही. नियम आहे. बावीस गावं आहेत, काहींना पाच-पाच मैलांत थेंब नाही. तुमचे आकडे बघून मी गाडी इथंच लिहिणार होतो. पण आता मला कळलंय. कळल्यावर मी कसं लिहू?"

"पण ती विहीर आमची नाही," गुरुजी म्हणाले.

"पानी समद्या गावाचं हाय, साहेब," शिवलिंगप्पा चटकन म्हणाले. "उद्यापास्नं खुशाल न्या. लिहा तुमी. म्या सही करतो."

साहेबांनी लिहिलं. शिवलिंगप्पांनी सही केली. सही सुबक होती. वस्तीवर बोअर पडला असता तर त्यांची विहीर महिन्यात आटली असती, हे साहेबांच्या ध्यानात आलंच नाही, किंवा आलं तरी त्याला कागदावर रकाना नव्हता.

महारुद्र गोरोबाशेजारून जाताना थबकला. "म्या सांगितलं व्हतं, अण्णा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. त्याला नियम ठाऊक होता. आप्पाचा नोकर असून जेवढं उघडं बोलता येईल तेवढं तो बोलला होता.

आणि आदल्या दिवशी मळ्यात वाकलेला तो म्हातारा खरोखर भ्यालेला होता, की गोरोबानं बोलावं म्हणूनच वाकला होता, हे गोरोबाला पुढं कधीच उमगलं नाही.

६

रविवारी सकाळी स्टॅबिलायझर परत न्यायला गोरोबा वस्तीवर आला. खरं तर त्यासाठी कुणालाही पाठवता आलं असतं. गुरुजी बाजेवर पडून होते. दोरी खुंटीला होती. त्या रविवारी ते मोजायला गेले नाहीत.

"माझ्या हातानं झालं, गुरुजी."

"तू खोटं काय बोललास?"

"खोटं बोलाया पायजे व्हतं."

गुरुजी भिंतीकडं वळले. "तुला ते मी शिकवलं नाही," एवढंच म्हणाले.

बाहेर बायांचा आवाज आला. चांगुणा आणि वस्तीतल्या सहाजणी पहाटेच घागरी घेऊन आप्पाच्या मळ्याकडं गेल्या होत्या. आता परत येत होत्या. गोरोबा दारात आला. घागरी कमरेवर होत्या, आणि त्यांचं वजन नव्हतं, ते चालण्यावरूनच कळत होतं.

"बंद केलं का पानी?" त्यानं विचारलं.

"न्हाय. बंद कशाला करत्याल? सही केलीय की." चांगुणानं घागर ओट्यावर ठेवली. "गडी म्हनला, पायरीला पाय लावू नका. घागरी खाली बांधावर ठिवा, आमी वरनं वततो."

खोलीत बाज करकरली.

"माझ्या आजीनं तसलं पानी पिलं व्हतं," चांगुणा म्हणाली. "छप्पन सालापास्नं आमच्यात कुनी पिलं न्हाय. म्या घागर खाली ठिवली न्हाय. ह्या सहाजनींनीबी न्हाय ठिवली. लेकरं घरी तहानलेली, तरी न्हाय ठिवली."

गुरुजी दारापर्यंत आले होते. भिंत धरून उभे राहिले.

"पानी हाय, मामंजी," ती म्हणाली. "लई हाय. वरनं दुसऱ्या पायरीपतोर. म्या डोळ्यांनी बगितलं."

मग तिनं पदर खोचला, घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि हमरस्त्याच्या दिशेनं निघाली. बाकीच्या सहाजणीही तिच्या मागं निघाल्या. ऊन वर आलं होतं. तीन मैल जायचं होतं, तीन मैल यायचं होतं, आणि धाब्यावरच्या ट्रकवाल्यांच्या आंघोळी आटपायला अजून अवकाश होता.